पूरक उपचार आणि पर्यायी उपचार : कर्करोगरुग्णांच्या आप्तांसाठी एक अभ्यासलेख

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाची पाने संपली की एक आरोग्यविषयक लेख देण्याचा प्रघात आहे. आजवर हे लेख आमच्या डॉक्टरमंडळींनी लिहिले. या वर्षी विश्वस्त मंडळाने ते काम प्रशासन विभागाकडे सोपविले, याचे कारण विषयातच दडलेले आहे. कर्करोगाचा रुग्ण मुख्य उपचारांच्या जोडीला, अथवा त्यांच्याऐवजी, जे काढे, रस, भस्मे आणि कडक पथ्ये करीत असतो त्याची वार्ता डॉक्टरांच्या खोलीपर्यंत क्वचितच जाते. ती पोहोचते निर्धन रुग्ण निधीच्या खिडकीपाशी. शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला पुढे करता करता रुग्णाची पत्नी हळूच सांगते, "साहेब, चार महिने गावच्या औषधात गेले, म्हणून हातात पैसे उरले नाहीत."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकशास्त्राचे शिक्षण मला नाही. पुढील मजकुरातील वैद्यकीय भाग आमच्या कर्करोग विभागातील डॉक्टरांनी वाचून दुरुस्त केला आहे. मते मात्र माझी आहेत.

आमच्या सवलतीच्या अर्जावर अनेक वर्षे एक रकाना होता : 'यापूर्वी घेतलेले उपचार'. बहुतेक अर्जांत त्यासमोर 'काही नाही' असे लिहिलेले असे, किंवा ती जागा कोरी असे. नातेवाईक खोटे बोलत होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या दृष्टीने उपचार म्हणजे दवाखान्यात घेतलेला तो उपचार; गुळवेलीचा काढा किंवा गव्हांकुरांचा रस हा उपचार नव्हेच, तो घरचा भाग. आणि ज्यांना तो उपचार आहे हे ठाऊक होते, ते ओरडा बसेल या भीतीने गप्प राहत.

येथे दोन शब्दांचा अर्थ प्रथम स्पष्ट करावा लागेल, कारण बोलण्यात आपण त्यांची सरमिसळ करतो. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार (ज्याला आपल्याकडे सर्रास 'शेक' म्हणतात) यांच्या सोबतीने, रुग्णाला बरे वाटावे म्हणून जे केले जाते ते पूरक उपचार. या उपचारांना नकार देऊन त्यांच्या जागी जे केले जाते ते पर्यायी उपचार. वस्तू तीच असू शकते. केमोथेरपीच्या दिवशी मळमळ कमी व्हावी म्हणून घेतलेले आले पूरक ठरते. आल्याच्या रसाने गाठ जाईल म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलली तर तेच आले पर्यायी होते. हिशेबाच्या वहीतही एकच रक्कम नावे पडली की एक अर्थ होतो आणि जमा पडली की दुसरा.

हा फरक मला पुस्तकातून कळला नाही. २००४ साली मी या संस्थेत आलो नव्हतो, एका खासगी पेढीत लेखापाल होतो. त्या वर्षी माझ्या थोरल्या वहिनींना डाव्या स्तनात गाठ लागली. दादा त्यांना शहरातील एका रुग्णालयात घेऊन गेला. तेथील डॉक्टरांनी सुई घालून तुकडा तपासावा लागेल असे सांगितले. दादाने घरी चाललेल्या एका काढ्याचा उल्लेख करताच ते संतापले आणि "मग इथे कशाला आलात?" असे म्हणाले. वहिनी पुन्हा तेथे गेल्या नाहीत. सुई टोचली, शस्त्र लागले की रोग चवताळतो, ही समजूत आमच्या नात्यागोत्यात होतीच. (तपासणीसाठी तुकडा घेतल्याने कर्करोग पसरतो, हे खरे नाही, तपासणीवाचून कोणता उपचार द्यावा हेच ठरत नाही.) मग कोणीतरी शेजारच्या जिल्ह्यातील एका वैदूचे नाव सांगितले. त्याच्या पुड्यांनी गाठ विरघळते, अशी त्याची ख्याती होती.

दर पंधरा दिवसांनी मोटारसायकलवरून त्या पुड्या आणण्याचे काम माझ्याकडे होते. एकदा वाटेत मी वहिनींच्या दादाला, म्हणजे माझ्याच भावाला, न विचारता त्यांनाच विचारले, "वहिनी, मोठ्या दवाखान्यात एकदा दाखवूया का?" त्या म्हणाल्या, "भाऊजी, इथे कोणी ओरडत नाही. तो अर्धा तास बसून ऐकतो." त्यावर मी काही बोललो नाही. घरात चार बुके शिकलेला मीच होतो, आणि मी बोललो नाही. पुड्यांचा, पेट्रोलचा, पथ्याच्या तुपाचा खर्च मात्र सवयीने डायरीत मांडत गेलो. शस्त्रक्रियेसाठी जी अनामत रक्कम सांगितली होती तिच्यापेक्षा हा आकडा पुष्कळ कमी होता आणि स्वस्तात भागले, असेच मला तेव्हा वाटत होते. आठ महिन्यांनी गाठीचे व्रण झाले. तपासण्या झाल्या तेव्हा रोग हाडांत उतरलेला होता. त्यानंतर वहिनी सव्वा वर्ष होत्या. डायरीत त्या आठ महिन्यांसाठी रकाना नव्हता.

त्या पुड्यांत काय होते हे आम्हांला कधीच कळले नाही. त्यांनी अपाय केला असेलच असे नाही. अपाय केला तो गेलेल्या काळाने. पुढे या संस्थेत आल्यावर डॉक्टरांनी मला अमेरिकेतील येल विद्यापीठाचे दोन अभ्यास दाखविले आणि त्यांत हीच गोष्ट आकड्यांत मांडलेली आढळली. पहिला अभ्यास डॉ. स्कायलर जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१८ सालचा. स्तन, फुप्फुस, मोठे आतडे व पुरःस्थ ग्रंथी यांचा, शरीरात दूरवर न पसरलेला कर्करोग असूनही केवळ पर्यायी उपचार पत्करलेले २८१ रुग्ण त्यांनी निवडले आणि प्रचलित उपचार घेतलेल्या ५६० रुग्णांशी त्यांची तुलना केली. पर्यायी उपचारांच्या गटात मृत्यूचा धोका सरासरी अडीच पट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तो पाच पटींहून अधिक होता आणि आतड्याच्या कर्करोगात चार पटींहून अधिक. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात तेवढ्या वर्षांत ठळक फरक दिसला नाही; हा रोग पुष्कळदा फार सावकाश वाढतो, हे त्याचे कारण असावे. 'आमच्या ओळखीचे एक गृहस्थ नुसत्या रसावर दहा वर्षे ठणठणीत आहेत' अशा कथा जेव्हा खिडकीपाशी ऐकू येतात, तेव्हा मला हा तपशील आठवतो.

दुसरा अभ्यास त्याच वर्षीचा आहे आणि आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. त्यातील २५८ रुग्णांनी प्रचलित उपचारांपैकी निदान एक तरी घेतला होता. जोडीला पूरक उपचारही चालू होते. म्हणजे कागदोपत्री सर्व योग्यच होते. तरीही त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट निघाला. कारण शोधता असे आढळले की या गटातील ३४ टक्के रुग्णांनी केमोथेरपीला नकार दिला होता, इतरांत हे प्रमाण जेमतेम ३ टक्के होते. किरणोपचार नाकारणारे ५३ टक्के होते, इतरांत सुमारे २ टक्के. हा नकार हिशेबात धरल्यावर दोन गटांतील फरक जवळजवळ नाहीसा झाला. याचा अर्थ घात काढ्याने वा गोळीने झाला नाही. तिच्या भरवशावर जे सोडून दिले त्याने झाला. हे रुग्ण अडाणी वा गरीब होते असेही नाही. उलट ते इतरांहून अधिक शिकलेले आणि सधन होते. आपल्याकडील अनुभव काही निराळा नाही. खिडकीवर येणाऱ्या शेतमजुरांइतकेच, निवृत्त शिक्षक आणि बँकेतील अधिकारीही मला हीच हकीकत सांगतात.

'नैसर्गिक ते निर्धोक' ही समजूत या साऱ्याच्या मुळाशी आहे. आधुनिक वैद्यक वनस्पतींचे वैरी आहे, असाही एक समज असतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे, हे आपल्या मातीतील उदाहरणावरून सांगता येते. नंदुरबार येथे १९२५ साली जन्मलेले डॉ. मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात शिकून अमेरिकेस गेले. तेथे मनरो वॉल यांच्यासमवेत त्यांनी दोन वृक्षांतून दोन द्रव्ये शोधली. चीनमधील एका वृक्षातील कॅम्प्टोथेसिनची रचना १९६६ साली आणि पॅसिफिक यू या सदाहरित वृक्षाच्या सालीतील टॅक्सॉलची रचना १९७१ साली प्रसिद्ध झाली. टॅक्सॉल, म्हणजे आजचे पॅक्लिटॅक्सेल, आमच्या डे केअर कक्षात स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगासाठी नित्य दिले जाते. कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतील नरक्या या झाडातही मिळते. त्यापायी या झाडाची बेसुमार चोरटी तोड झाली. डॉ. वाणी २०२० साली निवर्तले. आपल्या प्रतीक्षागृहात त्यांचे एक छायाचित्र असावे, असे मला फार वाटते. विश्वस्तांनी विचार करावा.

परंतु या इतिहासातील वर्षे मोजून पाहावीत. टॅक्सॉलला रचना उलगडल्यानंतर २१ वर्षांनी, १९९२ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. कॅम्प्टोथेसिनची कथा त्याहून बोधप्रद आहे. झाडातून काढलेले मूळ द्रव्य १९७०च्या सुमारास रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला आणि त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्यात रासायनिक बदल करून तयार केलेली टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही औषधे मान्य व्हायला १९९६ साल उजाडले. झाड नैसर्गिकच होते. सोसेल असे औषध व्हायला तीस वर्षे लागली. आपल्या अंगणातील सदाफुलीचेही तेच. तिच्यापासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन बालकांच्या रक्ताच्या कर्करोगात प्राणदायी ठरले आहे, १९६३ पासून ते वापरात आहे. म्हणून काही जण तिची पाने चावून खातात. पानात ते द्रव्य अत्यल्प असते, किती आहे ते कोणी मोजलेले नसते, आणि त्याच्या सोबतीला आणखी अनेक तीव्र द्रव्ये पोटात जातात.

आता रकान्याकडे परत येतो. आमच्या समाजसेवा अधीक्षकांनी सुचविल्यावरून आम्ही 'यापूर्वी घेतलेले उपचार' ही ओळ काढून टाकली आणि पहिल्या भेटीच्या चिठ्ठीवर असे छापले : 'घरी जे काही चालू आहे, कोणी दिलेले, कोणी सांगितलेले, ते सर्व पिशवीत घालून घेऊन यावे. कोणीही रागावणार नाही.' शेवटचे वाक्य छापावे की नाही यावर बैठकीत बराच खल झाला. ते छापले याचे मला समाधान आहे, कारण त्यानंतर पिशव्या येऊ लागल्या.

त्या पिशव्यांतून काय निघते? बहुतेक गोष्टी निरुपद्रवी असतात. च्यवनप्राश, अंगारा, तुळशीचा अर्क. स्वयंपाकातील हळदीला कोणाचीच हरकत नाही. हळदीच्या सत्त्वाच्या तीव्र कॅप्सूल मात्र शस्त्रक्रियेपूर्वी आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना थांबवाव्या लागतात. बिननावाच्या पुड्या आणि भस्मे यांविषयी अधिक सावध राहावे लागते. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले होते. गुळवेलीविषयी वाद आहे. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी ती घेणाऱ्या सहा जणांत यकृताला इजा झाल्याचे नोंदविले, आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली आणि पुढच्या वर्षी देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशाच ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. वादाचा निवाडा करणे माझे काम नव्हे. परंतु केमोथेरपीचा भार यकृतावर असतानाच यकृताच्या तपासणीचे आकडे बिघडले, तर दोष कोणाचा हे डॉक्टरांना कळत नाही आणि पुढचा डोस लांबतो. परदेशातील मुले आईवडिलांना प्रेमाने ज्या गोळ्या पाठवितात त्यांत कधी 'सेंट जॉन्स वर्ट' ही उदासीनतेवरील वनस्पती असते. इरिनोटेकॅनसोबत ती घेतल्यास त्या औषधाचे रक्तातील कार्यकारी रूप सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असे २००२ सालच्या एका अभ्यासात दिसले. म्हणजे उधारीवर पैसे उभे करून घेतलेल्या औषधाचा मोठा हिस्सा वाया जातो आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

पथ्यांविषयी आमच्या आहारतज्ज्ञ बाईंची तक्रार येथे नोंदवितो. 'साखरेने गाठ वाढते' असे ऐकून घरची माणसे रुग्णाचे दूध, फळे, भात, सारेच बंद करतात आणि नुसत्या कच्च्या रसांवर ठेवतात. वजन उतरते, रुग्णाला केमोथेरपी सोसेनाशी होते. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना कच्च्या, नीट न धुतलेल्या पानांचे रस जंतुसंसर्गाला निमंत्रण देतात. उपाशी रुग्णाला गाठ पोसत नाही हा समज चुकीचा आहे. गाठ आपले भागवून घेते आणि रुग्ण खंगतो.

तर मग पूरक उपचारांत घेण्यासारखे काहीच नाही काय? आहे, आणि ते पुष्कळ आहे. सोसायटी फॉर इंटिग्रेटिव्ह ऑन्कॉलॉजी आणि अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या दोन संस्थांनी २०२२ ते २०२४ या काळात वेदना, चिंता व नैराश्य आणि थकवा यांवर संयुक्त मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. स्तनाच्या कर्करोगात हार्मोनविरोधी गोळ्यांनी सांधे दुखतात त्यासाठी ॲक्युपंक्चर, चिंतेसाठी ध्यान व योगासने, थकव्यासाठी नियमित व्यायाम, अशा पद्धतींना त्यांनी मान्यता दिली आहे. आल्याच्या बाबतीत रोचेस्टर येथील अभ्यासात, ५७६ रुग्णांत, अर्धा ते एक ग्रॅम आले केमोथेरपीच्या पहिल्या दिवसाची मळमळ कमी करते असे दिसले; अर्थात मळमळीच्या नेहमीच्या औषधांसोबत. हलका मसाज, भजन, संगीत यांनी मन शांत होत असेल तर ते अवश्य करावे. हाडांत रोग असेल तर मसाज मात्र विचारूनच. यांपैकी एकाही गोष्टीने गाठ जाते असा दावा कोणी जबाबदार माणूस करीत नाही. जो करतो, त्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यानुसार गुन्हा ठरते. कर्करोगाचे नाव त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे.

रोग बरा होण्याजोगा राहिला नाही, अशा टप्प्यावर कुटुंबे सर्वाधिक फसतात. 'दवाखान्याने हात टेकले' असे ऐकले की उरलेसुरले दागिने मोडून पुड्यांकडे धाव घेतली जाते. त्या टप्प्यावरही करण्याजोगे पुष्कळ असते. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेल्या शांती आवेदना सदनाने ते देशात प्रथम दाखवून दिले. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले मॉर्फिन, जे अफूच्या बोंडातूनच येते, रुग्णाला रात्रीची झोप परत देते. वहिनींना ते शेवटचे दोन महिने मिळाले. आधी का मिळाले नाही, हा प्रश्न मला आजही पडतो.

शेवटी या वर्षीच्या एका देणगीविषयी सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण त्याबद्दल काही सभासदांनी पृच्छा केली होती. आपल्या एका ज्येष्ठ हितचिंतकांनी दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ मोठी रक्कम देऊ केली. त्यातून निसर्गोपचार कक्ष उभारावा आणि तेथे रसाहाराने कर्करोगाचा उपचार व्हावा, अशी त्यांची अट होती. धर्मादाय संस्थेला देणगी नाकारणे किती जड जाते हे कोषाध्यक्षांना विचारावे. मी आणि मुख्य वैद्यकीय अधिकारी त्यांच्या घरी दोनदा गेलो. पहिल्या भेटीत ते फारसे बोलले नाहीत. दुसऱ्या भेटीत त्यांनी पत्नीच्या आजाराची हकीकत सांगितली. ती माझ्या वहिनींच्या हकीकतीहून फार वेगळी नव्हती, फक्त त्यांच्याकडे पैसा होता. मीही माझी हकीकत त्यांना सांगितली. रसाहाराने कर्करोगावर उपचार होतो असे रुग्णालयाच्या नावाने म्हणता येणार नाही, हे आम्ही स्पष्ट केले. महिनाभराने त्यांचा निरोप आला. निम्मी रक्कम त्यांनी अन्य संस्थेस दिली. निम्मी आपल्याकडे आली, विनाअट.

त्या निधीतून आहारतज्ज्ञांची दुसरी जागा भरली आहे, आठवड्यातून तीन दिवस योगशिक्षक येतात, आणि बाहेरगावच्या रुग्णांना किरणोपचारांच्या दिवसांत एस. टी.चे भाडे व धर्मशाळेतील निवासाचा खर्च दिला जातो. तिसरी बाब पूरक उपचारांत मोडते का, असा प्रश्न लेखापरीक्षकांनी विचारला. रोज येऊन शेक घेणे परवडत नाही म्हणून मधेच गावी परतलेले रुग्ण मी पाहिले आहेत. गावी गेले की पुडी हाताशी असते. त्यामुळे ती नोंद मी त्याच शीर्षाखाली ठेवली आहे.

पिशवी तपासण्याची सोय बाह्यरुग्ण विभागात, औषधालयाशेजारच्या खोलीत, सोमवार ते शनिवार सकाळच्या वेळी असते आणि तिला कोणतेही शुल्क नाही. बाटल्यांवरील चिठ्ठ्या काढून टाकू नयेत. पुडी असल्यास ती कोणी दिली हे सांगण्याची आवश्यकता नाही. कधीपासून घेत आहात, एवढे मात्र आठवून यावे.